भुईखालचं डिझेल

एक लिटर पेट्रोल घ्या. भारत स्टेज सहाच्या नियमाप्रमाणे त्यात बेंझिन असतं जास्तीत जास्त एक टक्का, म्हणजे दहा मिलिलिटर, वजनात पावणेनऊ ग्रॅम. चहाचे दोन चमचे. पिण्याच्या एका लिटर पाण्यात दहा मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त बेंझिन नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आता करा भागाकार! उत्तर येतं पावणेनऊ लाख लिटर. आमच्या आखाड्यावरची, म्हणजे शेतातल्या वस्तीवरची, विहीर वीस फूट व्यासाची, दिवाळीत तिच्यात पंधरा फूट पाणी उभं असतं. ते भरतं सव्वा लाख लिटरच्या थोडं वर. म्हणजे एका लिटर पेट्रोलमध्ये, कागदावर का होईना, अशा सहा विहिरी पिण्यातून बाद करण्याचा ऐवज आहे. प्रत्यक्षात सगळं बेंझिन पाण्यात उतरत नाही, बरंचसं उडून जातं, काही मातीतले जीव खातात. ठीक आहे, सगळं कबूल. पण सहा विहिरी! हे मला आजवर कुणी का सांगितलं नव्हतं?

सांगितलं भाच्याने. तो पर्यावरण अभियांत्रिकी शिकला आणि इंधन साठवलेल्या जागांखालची जमीन तपासायच्या कामाला लागला. तेलकंपनीचा डेपो असो, पंप असो, कारखान्यातली डिझेलची टाकी असो. हा तिथे जाऊन जमिनीला भोकं पाडतो, माती बाटल्यांत भरतो आणि निघून येतो. याला पगार कशाचा मिळतो, असा घरात सगळ्यांनाच प्रश्न होता. सुट्टीला आमच्या गावी तीर्थपुरीला आला, आखाड्यावर चक्कर मारली आणि विहिरीच्या काठावरच्या पडक्या खोपटापाशी थांबला. "मामा, इथे इंजिन होतं ना?"

होतं की. विजेची मोटर बसण्याआधी मराठवाड्यात बागायत चालली ती डिझेल इंजिनावर. खोपटात इंजिन, शेजारी दोन दगडांवर आडवा ठेवलेला दोनशे लिटरचा बॅरल, त्यात सोडलेली रबरी नळी, ती तोंडाने ओढून डिझेल डब्यात घ्यायचं, डब्यातून चाडीने इंजिनात. प्रत्येक खेपेला थोडं सांडणार. काळं झालेलं ऑइल बदललं की तिथंच बाजूला ओतणार. त्यात वावगं काही आहे असं त्या काळी कुणाच्या मनातही आलं नसेल. पुढे मोटर आली, इंजिन भंगारात गेलं, बॅरलमध्ये कडबाकुट्टीचं पशुखाद्य भरलं गेलं. खोपटापुढच्या चार हात जागेत गवत नीट येत नाही, ते पायाखाली तुडवलं जातं म्हणून, असा आमचा पिढीजात समज.

भाच्याच्या बॅगेत एक यंत्र होतं, पिवळं, हातात मावेल एवढं. पीआयडी म्हणतात त्याला. आत अतिनील किरणांचा दिवा असतो. इंधनाची वाफ त्यासमोरून गेली की तिच्या रेणूंतले इलेक्ट्रॉन सुटतात आणि यंत्र तो प्रवाह मोजून दहा लाखांत किती भाग वाफ आहे तो आकडा दाखवतं. माती झिपच्या पिशवीत अर्धी भरायची, पिशवी बंद करून ढेकळं फोडायची, थोडा वेळ उन्हात ठेवायची आणि मग कोपऱ्यातून नळी आत सारायची. एवढंच! मी लगेच मूठभर माती उचलून नाकाशी नेली, तर हा ओरडला, "मामा, वास घेऊ नका!" बेंझिनने रक्ताचा कर्करोग होतो, आणि या धंद्यातले लोक नाकावर कधीच विसंबत नाहीत. बरं बाबा.

वरची माती पिशवीत घातली. यंत्र जवळपास शून्यावर. माझा उत्साह मावळायच्या आत त्याने टिकाव हातात दिला.

फूटभर खाली आकडा हलला. दोन फुटांवर आणखी वाढला. वरची माती स्वच्छ आणि खालची घाण! मी कायम उलटं धरून चाललो होतो की जे सांडतं ते वरच राहतं, फार तर चार बोटं मुरतं. पण वरच्या थरातलं डिझेल ऊन, वारा आणि जिवाणू इतक्या वर्षांत संपवून टाकतात; खाली हवा पोचत नाही, तिथे ते जसंच्या तसं टिकून राहतं. डिझेल पेट्रोलसारखं पटकन उडत नाही, त्यामुळे यंत्राला ते कमीच जाणवतं, असंही भाचा म्हणाला. तरी आकडा चढतच होता. मग त्याने काचेच्या बाटलीत पाणी घेतलं, त्यात ढेकूळ टाकून हलवलं. पाण्यावर इंद्रधनुष्य उमटलं.

त्यावरही एक खुबी आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. पाणथळ जागी लोहाचे जिवाणूसुद्धा असाच रंगीत तवंग धरतात. मग ओळखायचं कसं? काडी फिरवायची. जिवाणूंचा तवंग तुटून त्याचे तुकडे तुकडे होतात आणि तसेच राहतात. तेलाचा तवंग काडीमागे पुन्हा जुळून येतो. आमचा जुळून आला. लाखाचं यंत्र एकीकडे आणि ही काडी एकीकडे!

खरी गंमत मात्र खड्ड्याच्या भिंतीत होती. एका ठिकाणची माती पिशवीत घातली तर आकडा मोठा, तिथून वीतभर बाजूची घातली तर काही नाही. मला वाटलं यंत्र बिघडलं. भाच्याने भिंत खुरप्याने तासून साफ केली आणि वरून खाली आलेली एक बारीक काळपट रेघ दाखवली. भेग! आपल्या काळ्या मातीत स्मेक्टाइट जातीची चिकणमाती असते, ओलीने फुगते, वाळली की आकसते. वैशाखात वावरात हात खांद्यापर्यंत जाईल अशा भेगा पडतात हे तीर्थपुरीत लहान पोरालाही ठाऊक आहे. त्यात विळा पडला तर विसरायचा. डिझेल त्या वाटेने थेट खाली गेलं होतं. पावसाळ्यात भेगा मिटल्या, वरून काही दिसेना, आणि दोन भेगांमधली माती कोरीच राहिली.

म्हणजे बघा, परदेशी पुस्तकांत वाळूच्या जमिनीचं गणित असतं: इतकं सांडलं, इतक्या वेळात इतकं खोल जाईल, इतकं पसरेल. आपल्याकडे ते लावून एकाच ठिकाणची बाटलीभर माती प्रयोगशाळेत पाठवली, तर जागा साफ आहे असाही दाखला येऊ शकतो आणि सगळं नासलं असाही, बाटली भेगेतल्या मातीने भरली की भेगेबाहेरच्या, त्यावर. मला तर वाटतं, काळ्या रानात असली तपासणी करायला येणाऱ्याला आधी एक उन्हाळा इथे काढायला लावावा.

आणखी खाली चुनखडीचे खडे लागले, मग मुरूम. इथे भाचा अडला. त्याच्या नकाशात मुरमाखाली 'विदारित बेसाल्ट' एवढंच लिहिलेलं. मी विहिरी फोडण्यात आयुष्य गेलेल्या एका काकांना बोलावून आणलं. आमची ही विहीर खोल केली तेव्हा क्रेनवर तेच होते. त्यांनी खड्ड्यात वाकून पाहिलं, मग विहिरीच्या कडेला जाऊन बोटाने थर मोजायला लागले: ही काळी, हा मुरूम, हा मांजऱ्या, हा तांबडा गेरूचा पट्टा, त्याखाली काळा पाषाण. "भाऊ, मुरमात शिरलेलं काहीच सरळ खाली जात नाही. मांजऱ्या लागला की तिथं बसतंय, अन् मांजऱ्या जिकडं कलला तिकडं चालू लागतंय. पाण्याचं तसंच हाये, तुमच्या तेलाचं येगळं कशापायी असंल?"

भाच्याने वही काढली आणि पोरगा अक्षरशः धावत्या लेखणीने उतरवून घ्यायला लागला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे लोट एकावर एक पसरले, दोन लोटांच्या मधल्या काळात वरचा थर कुजून तांबडा झाला. तोच हा गेरू. पाणी अडतं आणि वाहतं ते अशाच सांध्यांवर. काकांनी ते सगळं सुरुंग लावून लावून पाहिलेलं. मग त्यांनी असं काही सांगितलं की भाच्याचा चेहरा उतरला. विहिरीला पाणी कमी पडलं तेव्हा आत दोन आडवी बोअर घेतली होती, त्यातलं एक खोपटाच्याच बाजूला. पाण्याची शिर पकडायला शंभरेक फूट आडवं भोक! पाणी आणायला केलेली ही वाट तेलालाही मोकळीच आहे. तपासणीच्या कुठल्याही छापील फॉर्मवर 'आडवं बोअर आहे का' असा रकाना नसतो, हे भाच्याने जरा ओशाळून मान्य केलं. मराठवाड्यात तो पहिला रकाना हवा.

पाण्यापर्यंत पोचल्यावर काय होतं, हे कळलं तेव्हा तर मी दगडावर बसकणच मारली. पेट्रोल, डिझेल पाण्यापेक्षा हलकं. भुईतल्या पाण्याच्या पातळीवर ते दुधावरच्या सायीसारखं बसतं. आपल्याकडे ही पातळी थोडीच स्थिर असते! पावसाळ्याअखेर वर येते, चैत्र-वैशाखात कित्येक मीटर खाली जाते. पाणी उतरलं की साय उतरते आणि उतरताना मुरमाच्या प्रत्येक फटीला थोडं थोडं पुसत जाते. पाणी चढलं की ते पुसलेलं तेल पाण्याखाली अडकून राहतं. वर्षानुवर्षं अशी चढउतार होऊन पाण्याच्या वरच्या आणि खालच्या खुणेमधला सगळा पट्टा माखतो. भुईतल्या पाण्याचा उपसा जितका जास्त तितका पट्टा जाड. म्हणून ऑक्टोबरात विहिरीत तवंग दिसला नाही तर समाधान मानायचं नाही. पाणी तळाला गेलं की तो परत दिसू शकतो. विहिरींच्या पातळ्यांच्या नोंदी महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठेवते, ती स्थापन झाली १९७२ मध्ये, दुष्काळाच्याच त्या वर्षी. त्या नोंदी मी आजवर फक्त टँकर कधी लागणार एवढ्यापुरत्या वाचत होतो!

हे सगळं आमच्या खोपटापुरतं असतं तर लेख लिहिला नसता. २०२१ च्या पावसाळ्यात सातारा जिल्ह्यात फलटण तालुक्यातल्या सासवडला (पुरंदरचं सासवड वेगळं) हिंदुस्थान पेट्रोलियमची पेट्रोलची भूमिगत वाहिनी चोरट्यांनी फोडली. सुमारे दोन हजार लिटर पेट्रोल वाहून गेलं, रानात मुरलं, आसपासच्या विहिरींत उतरलं, उभी पिकं गेली. तेव्हा बातमी वाचून आपण चोरीबद्दल बोललो, दराबद्दल विनोद केले. आता मी तीच बातमी वाचतो तेव्हा मला ते दोन हजार लिटर काळीतून, मुरमातून, मांजऱ्याच्या उताराने चालताना दिसतात. तिथेही हाच दगड, असाच पाऊस, अशाच विहिरी. चेन्नईत तोंडियारपेठ भागात २०१३ मध्ये लोकांच्या बोअरच्या पाण्याला तेलाचा वास यायला लागला. बंदरावरून आलेली भारत पेट्रोलियमची वाहिनी गळत होती, आणि प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. अमेरिकेत जमिनीतल्या टाक्यांसाठी १९८४ मध्ये कायदा झाला आणि तेव्हापासून पाच लाखांहून जास्त गळत्या तिथे नोंदल्या गेल्या. पाच लाख! टाक्या तिथे जास्त गळतात असं नाही, ते मोजतात.

मोजायचं म्हणजे किती कठीण, तेही ऐका. सांध्यातून सेकंदाला एक थेंब गळाला तर दिवसाला चार लिटर, वर्षाला दीड हजार लिटर. पंपावर रोज सकाळी टाकीत डिप रॉड घालून साठा मोजतात, मग चार लिटर कळायला नकोत? नाही कळत! पेट्रोल तापलं की फुगतं. दहा हजार लिटरच्या साठ्यात एका अंशाच्या फरकाने दहा-बारा लिटर इकडचे तिकडे होतात. टँकरमधून उतरलेलं पेट्रोल आणि टाकीतलं पेट्रोल यांच्या तापमानात जालन्याच्या उन्हाळ्यात एक अंशाचा फरक म्हणजे काहीच नाही. रोज घनता आणि तापमान लिहायची जी वही पंपावर असते ती भेसळीसाठीच, असं मला वाटायचं. पण महिनोन्‌महिने एकाच दिशेने झुकणारी बारीक तूट शोधायची ती याच वहीत. भाचा कोणत्याही जागेवर गेला की खोदण्याआधी जुन्या वह्या मागतो. टाकी कधी बसवली, बदलली कधी, पहिली टाकी कुठे होती, पाइप कुठून गेला. गळती बहुतेक वेळा टाकीच्या पोटातून होतच नाही, पाइपाच्या सांध्यातून होते. आणि काळी माती दरवर्षी फुगून-आकसून त्या सांध्यांना किती हिसके देत असेल, विचार करा. त्यात टाकीभोवती वाळू भरतात. चिकणमातीतला तो वाळूचा खड्डा पावसाळ्यात हौदासारखा पाण्याने भरतो.

या सगळ्याची सूत्रं नागपुरात आहेत, हेही मला आत्ताच कळलं. इंधन साठवायचा परवाना देणारी पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना, पूर्वीचं स्फोटक खातं, तिचं मुख्यालय नागपूर. आणि पाणी-माती-हवेचा अभ्यास करणारी नीरी, १९५८ ची, तीही नागपूर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी नियम घातले: शाळा, दहा किंवा जास्त खाटांचं रुग्णालय, वस्ती यांपासून ५० मीटर, अगदीच अडचण असेल तरी ३० मीटरच्या आत नाही. नियमांत विहिरीपासूनचं अंतर ठळक असतं तर मला जास्त आवडलं असतं. जुलै २०२५ मध्ये दूषित जागांसाठी देशात पहिल्यांदा स्वतंत्र नियम आले. संशयित जागा स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने कळवायच्या, राज्याच्या मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची. तीर्थपुरीला आता नगरपंचायत आहे. म्हणजे कळवायची जबाबदारी थेट गावातच आली की!

आणि यात उसाचाही एक धागा आहे. तो तर मला सगळ्यात भन्नाट वाटला. आमच्या भागात गोदाकाठी ऊस, गावाला साखर कारखाना. मळीपासून, रसापासून इथेनॉल होतं आणि आज पेट्रोलमध्ये ते वीस टक्क्यांपर्यंत असतं. असं पेट्रोल भुईत गळालं तर मातीतले जिवाणू आधी इथेनॉल खातात. सोपं, गोड अन्न. ते खाताना जमिनीतला प्राणवायू संपवून टाकतात, आणि मागे राहिलेलं बेंझिन खायला प्राणवायूच उरत नाही. मग बेंझिन पाण्याबरोबर जास्त लांब जातं. आपल्याच फडातला ऊस फिरून आपल्याच विहिरीकडे! इथेनॉलने शेतकऱ्याला पैसा मिळतो, त्याला माझा विरोध नाही. पण पंपाजवळच्या विहिरींची तपासणी त्याबरोबर वाढायला हवी, हे कुणीतरी बोललं पाहिजे.

घाण झालेली माती साफ कशी करायची, हे विचारलं तेव्हा मला वाटलं होतं काहीतरी महागडं रसायन असेल. भाचा हसायला लागला. माती उकरून पसरायची, नांगरायची, ओल धरायची, युरिया आणि स्फुरद द्यायचं. अहो, ही तर शेती! तेल म्हणजे बहुतांश कार्बन, त्यावर जगणाऱ्या जिवाणूंना शंभर भाग कार्बनमागे दहा भाग नत्र आणि एक भाग स्फुरद लागतं. ते मिळालं आणि हवा खेळली की ते तेल फस्त करतात. मूळचे बंगालचे आनंद मोहन चक्रवर्ती यांनी अमेरिकेत असे तेल खाणारे जिवाणू घडवले आणि १९८० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सजीवावरच्या पेटंटचा ऐतिहासिक निकाल त्यांच्या बाजूने दिला. दिल्लीच्या टेरी संस्थेने ऑइलझॅपर नावाचं जिवाणूंचं मिश्रण तयार केलं आहे. काळ्या मातीची अडचण एकच, हवा खेळत नाही. त्यासाठी भुसभुशीत काहीतरी मिसळावं लागतं. उसाचा चोथा चालतो. बगॅस कुठे मिळेल हे तीर्थपुरीकराला शिकवायला नको. मात्र ही माती पसरायची ती खाली जाड प्लास्टिक अंथरून आणि विहिरीपासून लांब, आणि आधी प्रयोगशाळेचा आकडा हातात घेऊन. मी दुसऱ्याच दिवशी ट्रॅक्टर लावायला निघालो होतो, भाच्याने अडवलं.

सध्या बाटल्या बर्फात घालून प्रयोगशाळेत गेल्या आहेत, मातीच्याही आणि विहिरीच्या पाण्याच्याही. अहवाल येईपर्यंत विहिरीचं पाणी प्यायला बंद, आखाड्यावर जार येतोय. घरात सगळे हसतात. हसू देत. माझं ओळखीच्या दहा जणांना फोन करून 'तुमच्या जुन्या इंजिनाची जागा कुठे होती, बॅरल कुठे ठेवायचे' विचारून झालंय, आणि एकाच्या तर उत्तराआधीच लक्षात आलं, त्याने त्या जागेवर हापसा घेतलाय. दुसरा खड्डा मोसंबीच्या पहिल्या ओळीच्या अलीकडे घ्यायचा ठरलंय. नेमकी जागा भाच्याने जमिनीचा उतार मोजून काढली. काका म्हणतात, वरचा उतार कशाला बघता, मांजऱ्याचा बघा, आणि ते बरोबर उलट्या बाजूला उभे राहून काठी रोवून गेलेत. दोन्हीकडे खणणार आहोत.